जपानी देवळाच्या कमानीबाहेर

मी आणि बायकोनं मिळून केलेली शेवटची गोष्ट म्हणजे सकाळी एका जपानी देवळात जाऊन आलो. त्यात विशेष काही नव्हतं. महिनाभर रोजच जात होतो.

होनोलुलूला आमचा मुलगा नोकरीला होता. समुद्राच्या पाण्याचं काहीतरी तपासायचं काम. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची ही गोष्ट. सुनेला दिवस गेले होते, म्हणून त्यानं आम्हाला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मी चौथी शिकलेला. चाळीस वर्षं ट्रकची टायरं काढली आणि घातली, त्यात गुडघे गेले. विमान आम्ही दोघांनी तोवर खालूनच बघितलेलं.

देऊळ घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. बाहेर कमान. दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया, बास. भिंत नाही, दार नाही. आत गेलं की डाव्या हाताला पाण्याची दगडी डोणी आणि तिच्यावर लांब दांड्याची कळकाची ओगराळी पालथी ठेवलेली. पुढं पाच-सहा पायऱ्या आणि बंद गाभारा. मूर्ती दिसत नाही. एक म्हातारा जपानी निळे कपडे घालून खराट्यानं अंगण झाडत असायचा. बायको त्याला गुरव म्हणायची. ती म्हणाली म्हणून मीही म्हणायचो.

पहिल्या दिवशी तिनं ओगराळ्यातलं पाणी हातावर घेतलं, प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. देवळातलं पाणी म्हणजे तीर्थच की. गुरव खराटा टाकून पळत आला. हसत होता. त्यानं करून दाखवलं. आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची आणि खाली बाजूला टाकायची. गिळायचं नाही.

"देवाच्या दारात थुंकायचं?" ती मला म्हणाली. "त्यांचं त्यांना लखलाभ. मी नाही थुंकणार."

महिनाभर ती ते पाणी गिळत राहिली आणि गुरव महिनाभर दुसरीकडं बघत राहिला. तिथं रस्त्यावर चाफा पुष्कळ. पडलेली दोन फुलं ती पायरीवर ठेवायची. त्यांच्यात तसं चालत नसावं, पण आम्ही कमानीबाहेर पडेपर्यंत तो ती फुलं झाडायचा नाही.

त्या सकाळीही तसंच झालं. नुकतं उजाडत होतं. साळुंक्या ओरडत होत्या. आपल्याकडच्या साळुंक्या तिथं कशा गेल्या कुणास ठाऊक. मी पुढं चालत होतो.

"अहो, थांबा की जरा. देव पळून जातोय का?"

"देव नाही, चहा पळून जातोय."

"चहा मीच करायचाय. माझ्याआधी तो कुठं जातोय?"

दोरी हलवून तिनं घंटा वाजवली. तिथं दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. मी तिला रोज म्हणायचो, आपल्याकडं टाळ्या वाजवून कोंबड्या हाकलतात. त्या दिवशीही म्हणालो. ती हसली नाही. डोळे मिटून मोठ्यानं बोलायला लागली. तिला मनातल्या मनात मागता यायचं नाही.

"बाबा, सून सुखरूप मोकळी होऊ दे. आणि आम्हाला आमच्या घरी लावून दे. आक्का वाट बघतीया."

"त्याला मराठी कळत नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही सांगा. दिवसभर टीव्हीवर कुस्ती बघता, इंग्लिश आलं असेल की."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आमच्या गावात, आमच्याच गल्लीत राहायची. मोतीबिंदूचं काम बिघडून डोळे गेलेले. मूलबाळ नाही. माझी बायको दिवसाआड जाऊन तिला तेल लावून वेणी घालायची. निघताना सांगून आली होती, शिमग्याच्या आत येते. शिमगा होऊन गेला होता. शेजारच्या पोरीकडून आक्कानं पत्र लिहून घेतलं होतं. केसांच्या जटा झाल्यात, तुझ्याशिवाय कुणाला डोक्याला हात लावू देत नाही, कधी येतेस. बायकोला वाचता यायचं नाही. ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं.

परत येताना ती म्हणाली, "एकदा विचारा की हो पोराला. सुनेची आई येणारच आहे पुढच्या महिन्यात. एका बाळंतपणाला दोन-दोन म्हाताऱ्या कशाला?"

"त्यानं हट्ट धरलाय. मी काय करू?"

"मी बोलू का?"

"तू बोललीस तर सुनेला वाटेल, सासू कामाला भिऊन पळतीया."

"बरं," ती म्हणाली. "नाही बोलत."

आता जे सांगायला हे लिहितोय ते सांगतो. पोरानं हट्ट धरला नव्हता. मी धरला होता.

परतीचं तिकीट आठ दिवसांवर आलं तेव्हा मी पोराला एकटं गाठून म्हणालो, "तुझ्या आईला नातवंडाचं तोंड बघून जायचंय. पण तू तिला विचारू नको. सुनेवर भार होईल म्हणून ती नाहीच म्हणणार."

"एवढंच ना, अण्णा? टिकिट एक्स्टेंड करतो. आईनं आधीच सांगायचं ना!" त्याला आनंद झाला. त्यानं त्याच दिवशी ते काम केलं.

आणि मी बायकोला येऊन सांगितलं, पोरगं ऐकत नाही, तिकीट बदलून आलंसुद्धा.

का केलं, तर मला तिथं सुख लागलं होतं. नळ सोडला की गरम पाणी. गुडघे दुखायचे थांबले. मागच्या अंगणात मेथी आणि मिरची लावली होती, ती वर आली होती. गावात मी टायरवाला. साठी उलटली तरी पोरं लांबून हाक मारायची, ए टायर. इथं पोराचे मित्र घरी यायचे आणि काका, काका करत उभे राहायचे. मला वाटलं, अजून तीन महिने. नंतर आहेच की मरेपर्यंत गाव. तिचं काय, ती कुठंही स्वयंपाकच करणार, असं माझ्या डोक्यात. तिला दिवसभर बोलायला कुणी नव्हतं, हे मला दिसत होतं. न दिसल्यासारखं केलं.

त्या दिवशी देवळातून आलो, चहा झाला. पोरगं कामावर गेलं. सून डॉक्टरकडं तपासायला गेली. बायको मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली. तिथल्या तांदळात खडा नसतो. सुनेनं दहादा सांगितलं होतं. तरी ही रोज ताट घेऊन बसायची. म्हणायची, नुसतं बसून काय करू? अकराला म्हणाली, जरा पडते. मी टीव्ही लावला. कुस्ती होती. दोन कुस्त्या झाल्या, जेवायची वेळ झाली, मी हाक मारली. ओ आली नाही. मला वाटलं, लागली असेल झोप. मी तिसरी कुस्ती बघितली.

सून आली, आत गेली आणि तिचा आवाज ऐकू आला.

गाडी आली, माणसं आली, छाती दाबली, घेऊन गेली. दवाखान्यात सांगितलं, हृदय बंद पडलं, बराच वेळ झाला. किती वेळ, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी चार माणसं जमली. तिथं आपली म्हणावीत अशी दोनच घरं होती. त्यातले एक डॉक्टर, नागपूरकडचे, आमच्याहून लहान पण सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी फोनवर फोन करून सगळं ठरवलं. दोन दिवसांनी दहन. ते यंत्रात होतं. त्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका कचेरीत जाऊन कागदांवर सह्या करायच्या. त्या कागदात एक प्रश्न असतो, राखेचं काय करायचं.

पोरगं म्हणालं, "अण्णा, मला वाटतं आईला इथंच समुद्रात सोडू या. तिलाच राहायचं होतं ना. तिनंच टिकिट वाढवायला सांगितलं होतं. ती इथं खूश होती."

डॉक्टर म्हणाले, "काही हरकत नाही. शेवटी सगळ्या नद्या समुद्रालाच मिळतात. तिकडे न्यायचं म्हणजे पुन्हा परमिशन, पेपरवर्क. आणि ह्या दिवसांत सूनबाईला एकटं सोडून हा कसा जाणार?"

सून माझ्या पायाशी बसून रडत होती. "आई माझ्यासाठी थांबल्या, अण्णा. माझ्यासाठी थांबल्या आणि..." सात महिन्यांची पोटुशी, तिला नीट बसतासुद्धा येत नव्हतं.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "तुम्हाला बरं वाटेल ते करा."

एवढंच बोललो. तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं, मी तिला तिथं कायमची ठेवली. जिवंतपणी तीन महिन्यांसाठी अडकवली होती, आता कायमची. तरी पुढं बोललो नाही. पोराच्या डोळ्यांपुढं खोटा पडायचं धाडस मला होईना. म्हातारपणी माणूस कशाला भितो ते बघा.

रात्रीचं काही सांगत नाही.

सकाळी सगळे झोपले होते. मी चपला घातल्या आणि निघालो. नेहमीचीच वेळ. खोटं कशाला सांगू, मी तिच्यासाठी काही मागायला चाललो नव्हतो. मी गप्प बसायची परवानगी मागायला चाललो होतो. वाटलं, एकदा डोकं टेकतो आणि देवाला सांगतो, असं असं झालं, माझ्या हातून झालं, आता तू आणि मी दोघांनाच ठाऊक, इथंच मिटवू. मग दहाला जाऊन सही करायची. आक्काला काय कळतंय? पत्र लिहायचं, समुद्रात सोडली, चांगलं झालं. देवापुढं बोललो म्हणजे मोकळा झालो, असा माझा हिशेब.

चालत कमानीपर्यंत आलो आणि पाय थांबले. सुतक.

रात्रभर ते डोक्यात आलं नव्हतं. मला सुतक होतं आणि मी देवळात शिरत होतो. आमच्यात दहा दिवस सुतकातला माणूस देवळाची पायरी चढत नाही. माझा बाप गेला तेव्हा मी शेजारच्या मारुतीला रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा हात जोडले नव्हते. मी काही फार देव-देव करणारा नव्हे. पण हे अंगात असतं. हा देव जपान्यांचा, हा देश अमेरिकेचा, इथं कोण विचारतंय, असं मनाला सांगून बघितलं. पाय उचलेना.

गुरव झाडत होता. त्यानं मला बघितलं, मान लववली. मग माझ्या मागं बघितलं. ती नेहमी दहा पावलं मागं असायची. मागं कुणी नव्हतं. त्यानं हात हलवून विचारलं, कुठंय?

मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. मी तळहात गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. तो हसला. मान डोलावली. झोपलीय होय, झोपू दे, असं काहीतरी बोलला. मग मला हातानं बोलावलं, ये की, एकटा ये.

मी मान हलवली. नाही, नाही. तो अजून बोलावतच होता. शेवटी मी म्हणालो, "वाइफ. फिनिश."

कुस्तीत म्हणायचे तो शब्द. माझ्याकडं दुसरा नव्हता.

त्याचा हात तिथंच थांबला. त्यानं खराटा पायरीला टेकवून ठेवला आणि कमानीपर्यंत चालत आला. आतल्या बाजूला उभा राहिला. मी बाहेर. आमच्यात दोन हातांचं अंतर असेल. तो कमरेत वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग सरळ होऊन त्यानं दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. म्हणजे तिथंच राहा. राग नव्हता त्यात. डोळ्यांत पाणी होतं. पण आत घेत नव्हता.

त्यांच्यातही तसंच असतं. घरात माणूस गेलं की कमानीच्या आत यायचं नाही, पन्नास दिवस. हे मला नंतर पोरानं कुणालातरी विचारून सांगितलं. पण मला ते तिथंच कळलं होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी देवाला गाठायला बघत होतो आणि तिथंही तोच नियम.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. फरशी गार होती. गुरव परत झाडायला गेला. मधून मधून बघत होता. ऊन वर आलं. देवाशी मिटवायचं राहिलं. आता सांगायला कुणी उरलं असेल तर पोरगं.

ते आलंच थोड्या वेळानं. गाडी घेऊन मला शोधत फिरत होतं. दार उघडं टाकून पळत आलं.

"अण्णा! आर यू ओके? न सांगता असं कुठं जाता? घाबरलो ना मी!"

तो माझ्या शेजारी खाली बसला. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. तो हात असतानाच मी बोललो. काढून घेईपर्यंत थांबलो असतो तर बोललो नसतो.

"तुझ्या आईला राहायचं नव्हतं."

"म्हणजे?"

"तिला शिमग्याच्या आत घरी जायचं होतं. आक्काकडं. तिकीट वाढव असं ती कधी म्हणाली नाही. मला राहायचं होतं. तुला तिचं नाव सांगितलं आणि तिला तुझं."

एक मोटार गेली. मग तो म्हणाला, "मी तिला विचारलं होतं."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. म्हटलं, आई, कंटाळा येतो का गं? ती म्हणाली, नाही रे बाबा. मग म्हणाली, आक्काची तेवढी आठवण येते." तो थांबला. "मी म्हटलं, फोन लावू या एकदा. तुम्ही म्हणाला होता ना, भार होईल म्हणून ती नाहीच म्हणणार. म्हणून मी पुढं विचारलंच नाही. मला वाटलं, तिला राहायचंय."

त्यानं खांद्यावरचा हात काढला. उठून गाडीपाशी गेला आणि टपावर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. मी त्याला लहानपणी एकदाच मारलं होतं, तेव्हा तो असाच पाठ करून उभा राहिला होता. वाटलं, आता जाईल मला सोडून. गेला असता तर बरं वाटलं असतं.

"बसा गाडीत," तो म्हणाला. "दहाला पोचायचंय."

गाडीत तो एकदाच बोलला. "हिला सांगू नका. तिला वाटतंय आई तिच्यासाठी थांबली. वाटू दे तिला."

मी बरं म्हणालो. एक खोटं उकरून काढलं तर त्यातलं अर्धं परत पुरून टाकायचं होतं.

कचेरीत एक गोरी बाई होती. तिनं मला पाणी दिलं. कागद वाचत गेली, पोरगं उत्तरं देत गेलं. मग ती थांबली आणि माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं.

पोरगं माझ्याकडं न बघता म्हणालं, "विचारतायत, राख कोण घेणार."

"मी," मी म्हणालो. "मी घेऊन जाणार. गावी."

त्यानं ते इंग्रजीत सांगितलं. बाईनं लिहिलं आणि कागद माझ्याकडं फिरवला. मी मराठीत सही केली. एक अक्षर चुकलं, ते खोडून परत काढलं.

घरी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. घरात चूल पेटवायची नाही म्हणून डॉक्टरांच्या बायकोनं पिठलं-भात करून आणला होता. सून दारातच उभी होती. तिनं विचारलं, "आई इथंच राहणार ना, अण्णा?"

पोरगं सरळ आत निघून गेलं.

"तिची बहीण आहे तिकडं," मी म्हणालो. "तिच्याकडं न्यायचंय."

तिनं मान हलवली आणि मला हात धुवायला पाणी दिलं. ताट वाढलेलं होतं. आदल्या दिवशीच्या सकाळच्या चहानंतर माझ्या पोटात काही गेलं नव्हतं. वाटत होतं, घास उतरणार नाही. उतरला. मी सगळं ताट जेवलो आणि परत भात मागून घेतला.